मुलगा साडेतेरा वर्षांचा, छातीत एका बाजूला गाठ लागतेय, घाबरायचं का?

भांडुपची_आई
नमस्कार मंडळी. वाचते बरीच वर्षं, लिहायची पहिलीच वेळ, चुकीच्या विभागात पडलं असेल तर हलवा. मुलगा साडेतेरा वर्षांचा, आठवीत आहे. नवरा मर्चंट नेव्हीत, सध्या बोटीवर, जानेवारीत साइन ऑफ. घरी मी, मुलगा आणि सासूबाई.

झालं असं की गेले दोनेक महिने हा शाळेच्या शर्टाच्या आत दोन बनियन घालून जातोय, या ऑक्टोबरच्या उकाड्यात! मला धुवायला दोन-दोन पडायला लागली तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणे घाम टिपला जातो. मुलुंडला कालिदासच्या तलावावर पोहायला जायचा तेही बंद केलंय, तिथे म्हणे क्लोरीनने डोळे चुरचुरतात. मी आपली ठीक आहे म्हणून सोडून दिलं. परवा बेडरूमच्या दाराची कड छातीला जराशी लागली तर असा कळवळला की मी घाबरलेच. हात लावू देईना. रात्री सासूबाई झोपल्यावर स्वतःच किचनमध्ये आला, फ्रिजकडे तोंड करून उभा, आणि म्हणतो आई डाव्या बाजूला आत गोटीसारखं काहीतरी आहे, मला कॅन्सर आहे का.

पायाखालची जमीन सरकली माझ्या. बनियनवरूनच चाचपून बघितलं, स्तनाग्राच्या बरोब्बर खाली पाच रुपयाच्या नाण्याएवढं चपटं कडकसर लागतंय. दाबलं की दुखतं. उजव्या बाजूला काही नाही. त्याचं म्हणणं जूनमध्ये तिथे सीझन बॉल लागला होता त्याने झालं असेल. नवऱ्याला फोनवर सांगायचं तर तिकडे त्याला नुसतं टेन्शन. कुठल्या डॉक्टरकडे नेऊ, सर्जन की मुलांचे? कुणाच्या मुलाला असं झालंय का?

कुर्ला_ते_करीरोड
ताई चिकन बंद करा आधी. हल्ली कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात त्याने मुलांना असं होतं, आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाला झालेलं. देशी अंडी द्या.

सीमा_ठाणे
माझ्या भाच्याला झालं होतं, आपोआप गेलं. पण दाखवून घ्याच, मनाला शांती. आणि मुलानं येऊन सांगितलं हेच खूप आहे हो, आमच्याकडे भाचा वर्षभर बोलला नव्हता.

बालरोगवाला
मी मुलांचा डॉक्टर आहे, पंचवीसेक वर्षं प्रॅक्टिस. न तपासता निदान करत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते आमच्या ओपीडीत आठवड्याला एखादं तरी येतं, त्यामुळे आज रात्री तरी झोपा.

तेरा-चौदाच्या आसपास मुलग्यांच्या छातीत स्तनाग्राखाली अशी रबरासारखी चकती तयार होते, जवळपास निम्म्या मुलांना थोडीफार होते, कधी एका बाजूला कधी दोन्ही, आणि दोन्हीकडे असली तरी मागेपुढे आणि लहानमोठी. वैद्यकीय नाव गायनेकोमास्टिया, नाव ऐकून पोरं अजून घाबरतात म्हणून मी ते कागदावर लिहितो, तोंडाने उच्चारत नाही. कारण साधं आहे. पुरुषांच्या शरीरातही थोडं इस्ट्रोजेन असतंच. वयात येताना टेस्टोस्टेरॉन वाढायला लागतं पण सुरुवातीला दोघांचा तोल नीट बसलेला नसतो, त्या काळात छातीतली ग्रंथी थोडी फुगते. सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांची आपोआप बसते. सीझन बॉलचा काही संबंध नाही, बॉल लागला म्हणून त्याचं तिकडे लक्ष गेलं इतकंच. या वयाच्या मुलात ही गाठ कॅन्सरची निघणं अत्यंत दुर्मिळ. हे त्याला या शब्दांत सांगा, "काही नाही रे" असं म्हणून उडवू नका, कारण त्याला काहीतरी लागतंय हे त्याच्या बोटांना कळलेलं आहे.

नेताना आधी मुलांच्या डॉक्टरकडेच न्या, सर्जनची घाई नको. डॉक्टर झोपवून अंगठा आणि बोटात धरून बघतील. खाली चकतीसारखं लागलं तर ग्रंथी, सगळीकडे सारखंच मऊ लागलं तर चरबी, वजन जास्त असलेल्या मुलांत हे दुसरं खूप दिसतं. मग ते वयात येण्याची बाकीची लक्षणं बघतील, आणि ही तपासणी का करतात ते मुलाला आधीच सांगून ठेवा नाहीतर तो तिथे गोठून जाईल. मुलग्यांत वयात येणं ९ ते १४ मध्ये कधीही सुरू होतं, पहिला बदल म्हणजे वृषणांचा आकार वाढतो, उंची-आवाज-मिसरूड हे सगळं त्याच्या नंतर. वयात यायची कुठलीच खूण नाही आणि छातीत गाठ आहे, तर मात्र आम्ही खोलात जातो. तसंच गाठ दगडासारखी टणक असेल, झपाट्याने वाढत असेल, त्यातून पाणी किंवा रक्त येत असेल, दोन वर्षं होऊन गेली तरी बसली नसेल, तर तपासण्या लागतात. कुठली औषधं चालू आहेत का तेही सांगा, काही औषधांनी असं होतं.

एक काम मात्र करा, त्याला दिवसातून दहा वेळा दाबून बघू देऊ नका. दाबून दाबूनच निम्मं दुखणं वाढतं.

@कुर्ला_ते_करीरोड, चिकनचा दोष नाही हो. ब्रॉयलर झपाट्याने वाढतो तो निवडून पैदास केलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. लाखो कोंबड्यांना एकेक करून इंजेक्शन देत बसणं कुठल्या पोल्ट्रीवाल्याला परवडेल? वाढीच्या वयात प्रथिनं तोडू नका.

कुर्ला_ते_करीरोड
बरं डॉक्टर. पण व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला होता.

बालरोगवाला
येतच असतात.

लालबागचा_पोरगा
काकू मी २२ चा आहे, मला हेच झालेलं, दोन्ही बाजूला. नववीत. मी कोणालाच नाही सांगितलं. आमची खोली दहा बाय बारा, पाच माणसं, कपडे बदलायचे तर मोरीत, आणि बाहेर दादा ओरडतोय की काय मुलीसारखा तासभर. मी काय करायचो माहितीये, पांढरी चिकटपट्टी असते ना मेडिकलची, ती छातीवर आडवी चिकटवून शाळेत जायचो. पीटीच्या तासाला घामाने ती निघायची आणि संध्याकाळी ओढून काढली की कातडी लाल. त्याखाली पुरळ उठलं, पुरळ घालवायला मेडिकलवाल्याने एक मलम दिलं, त्या मलमाने दोन दिवस बरं वाटलं आणि मग जांघेत पण गजकर्ण पसरलं. म्हणजे गाठीने काही त्रास नाही दिला, लपवण्याने दिला सगळा.

नंतर अकरावीत जिम लावली की छाती "सेट" होईल म्हणून. तिथला ट्रेनर म्हणे चेस्ट मारून नाही जाणार भावा, मी एक कोर्स देतो, तीन महिन्यात बॉडी पण बनेल. कोर्स म्हणजे इंजेक्शन. पैसे नव्हते म्हणून वाचलो, खरंच सांगतो, अक्कल होती म्हणून नाही. माझ्या बरोबरच्या एकाने घेतलं, त्याचे दंड झाले पण पाठभर मोठमोठे फोड आणि छातीत जी गाठ नव्हती ती आली. माझी सतराव्या वर्षापर्यंत कधी गेली ते मला कळलं पण नाही. तुमच्या मुलाला माझा मेसेज दाखवला तरी चालेल.

बालरोगवाला
लालबागचा_पोरगा, मनापासून लिहिलंस. पुढे दोन गोष्टी जोडतो. बाहेरून घेतलेल्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, म्हणून छाती वाढते, आणि बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर वृषण स्वतःचं काम थांबवतात, आकसतात. उंची पूर्ण व्हायच्या आत घेतलं तर हाडांची टोकं लवकर जुळून उंची तिथेच थांबते. साधी व्हे पावडर ही वेगळी गोष्ट, ती दुधातलंच प्रथिन आहे, पण डब्यात लेबलवर लिहिलंय तेवढंच आहे याची खात्री कोण देणार. शेंगदाणे, डाळ, अंडी, दूध यात भागतं.

आणि मलम. ही माझी कायमची कटकट आहे त्यामुळे लांबेल. मुंबईच्या पावसाळ्यात ओले कपडे, ओली अंतर्वस्त्रं, लोकलची गर्दी, जांघेत गजकर्ण होणारच. मेडिकलवर जे ट्यूबमध्ये "खाज-खुजली-सगळं बरं" मिळतं त्यात बऱ्याचदा जोरदार स्टेरॉइड असतं. त्याने खाज दबते, बुरशी मात्र आत मजेत पसरते, आणि कातडी पातळ होऊन मांडीवर पांढरे व्रण उठतात ते जन्मभर राहतात. त्वचेच्या डॉक्टरकडून नुसतं बुरशीचं औषध घ्या, चट्टा गेल्यासारखा वाटला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा, टॉवेल वेगळा, आणि अंतर्वस्त्र दोरीवर नीट वाळलेलं नसेल तर इस्त्री फिरवून घाला.

भांडुपची_आई
काय सांगू, दुपारी ऑफिसमध्ये वाचताना डोळ्यात पाणी आलं. चिकटपट्टीचं वाचून तर कसंसंच झालं, आमचा अजून दोन बनियनवरच आहे म्हणायचं.

आता धीर आलाय तर बाकीचं पण विचारून घेते. एक, सासूबाई सारख्या म्हणतात पोर सुकलंय, याला अशक्तपणा आलाय. दोन, उंचीचं त्याला फार लागलंय, वर्गातल्या मुली याच्यापेक्षा उंच झाल्यात, दरवाज्याच्या वरच्या पट्टीला लोंबकळत असतो, एक दिवस पट्टी खाली येणार. माझी उंची १५७, यांची १७०. तीन, आवाज फाटलाय, गणपतीत आरतीला उभा राहिला आणि "सुखकर्ता" वरच असा चिरकला की चुलत भाऊ हसले, तेव्हापासून घरात पण पुटपुटतो. आणि चार, कसं लिहू, पण हल्ली कधीकधी सकाळी उठून स्वतःची चादर स्वतः धुतो, मी उठायच्या आत. ज्याने आयुष्यात पाण्याचा ग्लास उचलून ठेवला नाही तो. मला समजतंय साधारण, पण मी आई, मी काय बोलू त्याच्याशी?

विज्ञानशिक्षक_निवृत्त
ताई, बत्तीस वर्षं गिरगावात आणि मग परळला विज्ञान शिकवलं. प्रजननाचा धडा आला की माझे सहकारी "घरी वाचून या" म्हणून पुढच्या धड्यावर जायचे, मीही सुरुवातीची चार वर्षं तेच केलं, खोटं कशाला बोलू. घरी वाचून कोण येणार? पोरं मग रेल्वेच्या भिंतीवर वाचायची. कुर्ल्यापासून पुढे ट्रॅकच्या कडेला रंगवलेलं असायचं ना, गुप्तरोग, कमजोरी, भेटा अमुक खोली क्रमांक. ती जाहिरात मुलाला आधी आजारी ठरवते आणि मग औषध विकते.

झोपेत वीर्य जाणं ही शरीराची साधी क्रिया आहे. आपल्या भाषेनं त्याला स्वप्नदोष म्हणून ठेवलं तिथेच घोळ झाला, दोष कसला त्यात! त्याने ताकद जात नाही, उंची थांबत नाही, शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वगैरे सगळ्या थापा. कुणाला वारंवार होतं, कुणाला कधीच होत नाही, दोन्ही ठीक. याच मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते, त्यात वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ मराठीत उत्तरं देत होते, खटले अंगावर घेऊन. माझ्या आजोबांच्या पिढीला जे छापून मिळत होतं ते तुमच्या मुलाला आज कानातून कानात मिळतंय, काय म्हणावं.

तुम्ही काय बोलायचं विचारलंत. फार काही नाही. चादरींचा एक जास्तीचा जोड त्याच्या कपाटात ठेवा आणि जाता जाता म्हणा की या वयात असं होतं, बाबांना पण झालं असणार, चादर मशीनला टाकत जा. समोरासमोर बसवून व्याख्यान देऊ नका. भाजी निवडताना किंवा बाजूबाजूला चालताना बोला, नजर भिडली नाही की पोरं बोलतात.

अजून एक सांगतो आणि हे जरा लक्ष देऊन वाचा सगळ्यांनी. माझ्या मेव्हण्याचा मुलगा, चौदा वर्षांचा. पहाटे अडीच-तीनला उठला, पोटात दुखतंय म्हणाला, दोन उलट्या झाल्या. घरच्यांनी ओव्याचं पाणी दिलं, रात्री वडापाव खाल्ला होता त्याचं नाव झालं. सकाळी जवळच्या डॉक्टरांनी पोटाचं इंजेक्शन दिलं. पोरगा वाकून चालत होता पण नेमकं कुठे दुखतंय ते आजीसमोर कसं सांगणार. दुपारी बापाला बाथरूममध्ये बोलावून दाखवलं, एका बाजूचं वृषण सुजून लाल झालेलं. हॉस्पिटलला पोचले तेव्हा चार वाजले होते. पीळ पडला होता, ते काढून टाकावं लागलं. मुलगा आज ठणठणीत आहे, दुसरं व्यवस्थित आहे, लग्न झालं, मुलगी आहे. पण तेरा तास गेले ते केवळ लाजेत.

बालरोगवाला
सरांनी लिहिलंय ते शंभर टक्के. वृषण आत ज्या दोरीसारख्या नळीला लटकलेलं असतं तिला पीळ पडतो, रक्तपुरवठा तुटतो. साधारण १२ ते १८ या वयात जास्त होतं, बरेचदा झोपेतून उठवणारं दुखणं, सोबत मळमळ-उलटी. पहिल्या सहा तासांत ऑपरेशन झालं तर बहुतेक वेळा वाचतं, नंतर शक्यता झपाट्याने खाली. त्यामुळे मुलग्याचं ओटीपोट किंवा जांघ अचानक जोरात दुखायला लागली की थेट विचारा, खाली दुखतंय का, आणि हो म्हणाला तर सकाळची वाट बघू नका, फॅमिली डॉक्टरकडे वेळ घालवू नका, केईएम, सायन, नायर, कुठलंही सर्जन असलेलं इमर्जन्सी गाठा. वाटेत खायला-प्यायला देऊ नका. पीळ नसून साधं इन्फेक्शन निघालं तर निघू दे, रिकामं परत आलेलं चालतं. मुलाला आजच सांगून ठेवा की असं झालं तर रात्री तीनला पण उठवायचं.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. उंचीचं गणित सोपं आहे, आई-बापाच्या उंचीची बेरीज, त्यात मुलगा असेल तर १३ मिळवायचे आणि निम्मे करायचे. १५७ आणि १७० आणि १३, झाले ३४०, निम्मे १७०. यात आठेक सेंटिमीटर इकडे तिकडे. मुलींची उंची मुलांच्या दोनेक वर्षं आधी वाढते म्हणून सातवी-आठवीचा वर्गाचा फोटो असा उलटा दिसतो, दहावीत बघा. मुलगे ऐन वाढीच्या वर्षात ९-१० सेंटिमीटरसुद्धा वाढतात. लोंबकळून उंची वाढत नाही, पट्टी वाचवा. पावडरी पण नको. झोप मात्र लागते, रात्री एकपर्यंत मोबाईल असेल तर तो आधी काढा.

आवाजाचं, स्वरयंत्र मोठं होतंय, स्वरतंतू लांब आणि जाड होतायत, मेंदूला अजून त्या नव्या वाद्याची सवय नाही म्हणून सूर घसरतो. काही महिन्यांत बसेल. घशाला काही झालेलं नाही, मधाची बाटली त्याच्या मागे घेऊन फिरू नका. चुलत भावांना मात्र एक दम द्या.

अशक्तपणा वाटत असेल तर हिमोग्लोबिन करा. आपल्याकडे रक्त कमी म्हटलं की मुलीच आठवतात, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ च्या मुलग्यांतही ३१ टक्क्यांना अ‍ॅनिमिया होता. उंची सपाट्याने वाढत असताना पोर बारीक दिसतं, ते वेगळं.

सीमा_ठाणे
अवांतर, पण सरकारी दवाखान्यांमध्ये मैत्री क्लिनिक म्हणून असतं किशोरवयीन मुलांसाठी, तिथे मुलगे-मुली दोघांशी बोलतात. बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. आणि पुटकुळ्यांचं कुणी विचारलं नाही म्हणून मीच सांगते, माझा मुलगा टूथपेस्ट लावून झोपला होता दोन रात्री, कातडी सोलवटली. टूथपेस्ट लिंबू काही नको.

भांडुपची_आई
अपडेट द्यायला आले. शनिवारी मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. आत जायच्या आधी मी त्याला सांगितलं होतं काय काय बघतील ते, आणि डॉक्टरांनी मला दहा मिनिटं बाहेर बसवलं, मला आधी जरा रागच आला पण आतून हसण्याचा आवाज आला म्हटल्यावर गप्प बसले. दोन सेंटिमीटरची चकती आहे म्हणाले, बाकी सगळं वयाप्रमाणे. सोनोग्राफी पण नको म्हणाले, सहा महिन्यांनी दाखवा. हिमोग्लोबिन ११.४ निघालं, गोळ्या दिल्यात, सासूबाई जिंकल्या. आता रोज सकाळी ऐकतेय मी.

लालबागच्या दादाचा मेसेज त्याला वाचायला दिला. वाचून काहीच बोलला नाही, फोन परत दिला. मग रात्री डबा घासताना विचारतो, तो दादा आता पोहतो का गं. मी म्हटलं विचारते.

तर, पोहतोस का रे?

लालबागचा_पोरगा
पोहता येतच नाही काकू मला 😀 तेव्हा क्लास लावायला घाबरलो होतो ना, मग राहूनच गेलं. पण आम्ही पोरं अलिबागला गेलो की शर्ट काढून पाण्यात असतो, गुडघ्यापर्यंत. त्याला सांगा मला शिकवायला ये म्हणावं.

भांडुपची_आई
सांगितलं. तलाव नाही अजून, बनियन पण दोनच. पट्टीला लोंबकळणं चालूच आहे.